दाढेपासून लेंडीपर्यंत: रानातल्या तृणभक्षकांच्या आहाराचा शोध

गवत-पाला खाणाऱ्या प्राण्यांना अन्नाची काय ददात, असे दुरून वाटते. पण ते अन्न पोटात गेले तरी अंगी लागायला फार कठीण. वनस्पतीच्या पेशींची भिंत सेल्युलोजची असते आणि ती फोडणारे विकर (एन्झाइम) या सस्तन प्राण्यांकडे स्वतःचे नसते. ते काम पोटात वस्तीला असलेले सूक्ष्मजीव करतात. रवंथ करणाऱ्यांच्या जठरातले असे जीव १८४३ मध्ये फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफों यांनी पाहिले. त्यांचे महत्त्व कळायला मात्र पुढची अनेक दशके गेली.

तोवर अभ्यासकांचे लक्ष दातांवर होते. १८७०च्या दशकात रशियाच्या व्लादिमिर कोवालेव्स्की यांनी घोड्याच्या पूर्वजांचे जीवाश्म तपासले आणि बुटक्या दाढा उंच होत गेल्याचा संबंध पाल्याकडून गवताकडे झालेल्या वळणाशी जोडला. गवतात सिलिकाचे कण असतात, ते दात झिजवतात, म्हणून उंच दात हवेत, ही मांडणी पाठ्यपुस्तकांत पक्की बसली. १९५९ मध्ये तर हे कण मेंढीच्या दाताच्या इनॅमलपेक्षाही, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणापेक्षाही, कठीण असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे २००७ मध्ये नव्याने मोजमाप झाले तेव्हा ते इनॅमलपेक्षा मऊ निघाले. मग दोष कोणाचा? उघड्या, कोरड्या माळावर जमिनीलगत चरणाऱ्याच्या तोंडात धूळ आणि वाळूही जाते. हा वाद अजून मिटलेला नाही, पण त्याने एक गोष्ट चांगली केली: काय खाल्ले याच्या जोडीला कुठे खाल्ले, हेही विचारले जाऊ लागले.

दातांवरून चर्चा पोटाकडे वळवली ती राइनहोल्ड हॉफमन यांनी. पूर्व आफ्रिकेतल्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांची जठरे उघडून त्यांनी तीन गट पाडले: निवडक पाला-फळे खाणारे, गवत खाणारे आणि दोन्हींवर निभावणारे. मांडणी इतकी सुटसुटीत होती की अजूनही तीच शिकवली जाते. १९९४ मध्ये गॉर्डन आणि इलियस यांनी दाखवले की शरीराचे आकारमान जमेस धरले, तर या गटांमधला पचनाचा बराचसा फरक उरतच नाही. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते.

आकारमानाचा मुद्दा त्याआधीच रिचर्ड बेल आणि पीटर जार्मन यांनी पुढे आणला होता. वजन वाढते तशी पोटाची क्षमता वाढते, पण उर्जेची गरज त्या मानाने हळू वाढते. म्हणून मोठा प्राणी निकस चाऱ्यावरही तगतो, फक्त चारा भरपूर हवा. छोट्याला थोडेच पण कसदार लागते. बेल यांनी १९७१ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ माळावर याचा क्रम मांडला. आधी झेब्रे येऊन उंच, जाड देठ खातात. झेब्र्याचे अन्न आतड्याच्या मागच्या भागात आंबते, रवंथ करत बसावे लागत नाही, त्यामुळे तो भराभर खाऊन पुढे ढकलू शकतो. मग विल्डबीस्ट हे मोठे कुरंग पानांवर येतात आणि शेवटी थॉमसन गॅझेल हे छोटे कुरंग खालचे कोवळे कोंब व शेंगा टिपतात.

त्याच सेरेंगेटीतल्या खडकांवर हायरॅक्स या सशाएवढ्या केसाळ सस्तन प्राण्याच्या दोन जाती शेजारी राहतात. १९७८ मध्ये वॉकर, होक आणि पेरेझ यांनी त्यांच्या दाढा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पाला खाणाऱ्या जातीच्या दाढा गुळगुळीत होत्या. दुसरी जात पावसाळ्यात गवत आणि कोरड्या दिवसांत पाला खाते, तिच्या दाढांवर गवताच्या दिवसांत बारीक समांतर ओरखडे दिसले. दाताची ठेवण लाखो वर्षांचा हिशेब सांगते. त्याच दातावरचे ओरखडे गेल्या काही दिवसांचे जेवण सांगतात. इथून पुढे एखाद्या जातीवर ‘गवतखाऊ’ असा शिक्का मारताना ऋतू विचारणे भाग पडले.

कधी परिसरातला एखादा क्षारच आहार ठरवतो. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर जमिनीवरच्या झाडपाल्यात सोडियम अत्यल्प असते. तिथले मूस हे मोठे हरिण उन्हाळ्यात पाण्यात उतरून पाणवनस्पती खातात. त्या पोट भरतात पण उर्जा कमी देतात, तरी सोडियमसाठी खाव्याच लागतात, हे गॅरी बेलोव्स्की यांनी १९७८ मध्ये मांडले.

आता साधने बदलली आहेत. २०१५ मध्ये केनियातल्या लायकिपियात गाईगुरांसह सात मोठ्या तृणभक्षकांच्या विष्ठेतला वनस्पतींचा डीएनए वाचला गेला. गवताचे प्रमाण जवळपास सारखे असलेल्या प्राण्यांच्या खाण्यातही गवताच्या जाती वेगळ्या निघाल्या. झेब्र्यांच्या दोन जातीसुद्धा याला अपवाद नव्हत्या.

वनस्पतीही गप्प बसत नाहीत, त्या विषारी द्रव्ये बनवतात. अमेरिकेच्या वाळवंटातला वूडरॅट हा उंदीर क्रिओसोट झुडपाची राळयुक्त, विषारी पाने खातो. २०१४ मधल्या प्रयोगात प्रतिजैविके देऊन त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव विस्कळीत केले, तेव्हा त्याच पानांवर त्याचे वजन घटले. उलट, क्रिओसोट कधीही न खाल्लेल्या वूडरॅटना अनुभवी उंदरांची विष्ठा चारली, तेव्हा त्यांना ते पचू लागले.