पाळीतील वेदना : महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थिनी

पाळी सुरू होण्याच्या सुमारास ओटीपोटात कळा येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, काही जणींना मळमळ किंवा जुलाबही होतात. वैद्यकात या त्रासाला कष्टार्तव म्हणतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात निरनिराळ्या देशांतील २१,५७३ तरुणींची माहिती एकत्र केली होती. त्यात सुमारे ७१ टक्के जणींना पाळीत दुखत होते आणि सुमारे २० टक्के जणींना त्यासाठी शाळा-कॉलेज बुडवावे लागत होते.

गर्भाशयाच्या अस्तरातून पाळीच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी पडतो आणि कळ येते. आतड्यांवरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून जुलाब. हे प्रामुख्याने स्त्रीबीज सुटणाऱ्या चक्रांत घडते आणि पाळी नुकतीच सुरू झालेली असताना बीज दर महिन्याला सुटतेच असे नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन वर्षांत न दुखणारी पाळी पुढे दुखू लागते आणि ऐन कॉलेजच्या वर्षांत त्रास भरात असतो. तो बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो.

वेदना कोणाला जास्त होणार, हे ठरवणारे सर्वांत ठळक घटक असे : पहिली पाळी लवकर येणे, रक्तस्राव जास्त किंवा जास्त दिवस होणे, आई किंवा बहिणीला हाच त्रास असणे, बाळंतपण झालेले नसणे. यांतले जवळजवळ काहीच मुलीच्या हातात नसते. धूम्रपानाचा संबंधही बऱ्याच अभ्यासांत दिसतो. आहाराबाबत मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. चहा-कॉफी, मेसचे जेवण, चुकवलेला नाश्ता यांवर बोट ठेवणारे अभ्यास आहेत, पण ते बहुतेक एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर उभे आहेत. सकाळपासून उलट्या होणारी मुलगी नाश्ता करत नाही. तिचे न खाणे हे दुखण्याचे कारण की परिणाम, हे अशा प्रश्नावलीतून कळत नाही. परीक्षेचा ताण आणि अपुरी झोप यांचेही तसेच : ताणाने वेदना वाढते आणि वेदनेने झोप उडते. तरीही घरी पहिला सल्ला ‘बाहेरचं खाणं बंद कर’ हाच मिळतो. हा दोष मुलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

उपचार कधी आणि कसे मिळतात, यावरही वेदना किती सोसावी लागते हे ठरते. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच आळा घालतात. म्हणून ती कळा सुरू होताच, काहीतरी खाऊन घेतली तर चांगली लागू पडतात. पण ‘गोळीची सवय लागेल’ या भीतीने अनेक जणी अंथरुणात पोट आवळून पडून राहतात आणि असह्य झाल्यावरच गोळी घेतात. तोवर रसायने तयार झालेली असतात. या गोळ्यांची सवय लागत नाही. मात्र दमा, पोटातला अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि नियमित व्यायाम यांनीही आराम पडतो.

त्रास वाढवणाऱ्या गोष्टींत शिक्षणसंस्थेचे नियमही येतात. दुखत असताना हजेरीसाठी वर्गात बसावे लागणे हा वेगळाच ताण आहे. जानेवारी २०२३ मध्ये केरळच्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात हजेरीत २ टक्के सवलत दिली आणि पुढे राज्य सरकारने अशी सवलत इतर विद्यापीठांतही लागू केली.

दुखणे दरवर्षी वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, किंवा तीन-चार पाळ्यांत औषध नीट घेऊनही गुण येत नसेल, तर एंडोमेट्रिओसिससारख्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे) आजाराचा शोध घ्यावा लागतो. ‘पाळीत दुखायचंच’ असे ऐकत राहिल्याने त्याचे निदान अनेकदा कित्येक वर्षे लांबते. सुरुवातीच्या अवस्थेत तो साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास कायम असल्यास पुन्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे गरजेचे असते.