भयंकर गोष्टीवर हसू येतं तेव्हा

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' या चित्रपटाचा पहिला चाचणी खेळ 22 नोव्हेंबर 1963 या दिवशी ठरला होता. त्याच दिवशी डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. खेळ रद्द झाला, प्रदर्शन पुढे गेलं आणि जानेवारी 1964च्या अखेरीला चित्रपट लागला तेव्हा त्यातला एक शब्द बदललेला होता. अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचा कप्तान सहकाऱ्यांना आणीबाणीच्या पेटीतल्या वस्तू वाचून दाखवतो. पिस्तूल, झोपेच्या गोळ्या, रूबल, सोनं, च्युइंग गम, लिपस्टिक, नायलॉनचे मोजे. एवढं सामान हाताशी असेल तर डॅलसमध्ये शनिवार-रविवार मजेत जाईल, असं तो म्हणतो. प्रदर्शित झालेल्या चित्रपटात त्याच्या तोंडी 'वेगास' ऐकू येतं, कारण तेवढा शब्द नव्याने डब केला गेला.

चित्रपट सगळ्या जगाच्या विनाशावर आहे. त्यातल्या अणुयुद्धाला कात्री लागली नाही, कोट्यवधी माणसं मरण्याचे हिशेब तसेच राहिले. काढावं लागलं ते एका शहराचं नाव. एर्न्स्ट लुबिचच्या 1942 सालच्या 'टू बी ऑर नॉट टू बी'लाही असाच प्रसंग आला होता. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सातल्या नटमंडळींची ती विनोदी गोष्ट. चित्रपट लागण्याआधी, जानेवारी 1942मध्ये त्याची नायिका कॅरोल लोम्बार्ड विमान अपघातात गेली. विमानात काय होणार आहे, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं.

दोन्ही ठिकाणी विनोद जसाच्या तसा होता. ज्या घटनेची त्याने आठवण करून दिली असती, ती मात्र एकदम अंगाशी आली होती. ब्लॅक कॉमेडीबद्दल, म्हणजे भयंकर गोष्टीवर हसवणाऱ्या विनोदाबद्दल, बोलताना आपण बहुतेक वेळा विषयाबद्दल बोलतो. खुनावर विनोद चालतो का, युद्धावर, छळछावणीवर चालतो का, असे वाद घालतो. गेल्या काही दशकांतलं मानसशास्त्र पाहिलं तर मला वाटतं, हा प्रश्न विषयाइतकाच अंतराचा आहे. प्रेक्षक आणि ती भयंकर गोष्ट यांच्यात नेमकं किती अंतर आहे, यावर हसू येणार की अंगावर काटा येणार हे बरंचसं ठरतं. आणि हे अंतर कमीजास्त करणं हीच अशा चित्रपटकारांची खरी कारागिरी आहे.

पीटर मॅकग्रॉ आणि केलब वॉरन या दोन संशोधकांनी 2010मध्ये एक सिद्धांत मांडला. एखादी गोष्ट आपल्याला गमतीची वाटते तेव्हा मनात दोन निवाडे एकाच वेळी चालू असतात. एक सांगतो की इथे काहीतरी बिघडलंय, मर्यादा ओलांडली गेलीय. दुसरा सांगतो की घाबरू नको, यातून खरं नुकसान होणार नाही. नुसता पहिला निवाडा असला तर राग, भीती किंवा किळस येते. नुसता दुसरा असला तर जांभई येते. दोन्ही एकत्र टिकले की हसू फुटतं. सिद्धांतावर आक्षेपही आहेत. 'मर्यादा' हा शब्द इतका सैल आहे की त्यात काहीही बसवता येतं, ही टीका मला रास्त वाटते. पण ब्लॅक कॉमेडीच्या बाबतीत ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण इथे पहिला निवाडा अतिशय जोरकस असतो आणि दुसरा जिवंत ठेवायला चित्रपटाला कसून काम करावं लागतं.

याच संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत 2012मध्ये अंतराची परीक्षा घेतली. गाडीने ठोकरलं जाणं आणि पायाचं बोट ठेचकाळणं, अशा दोन घटना घ्या. गाडीची घटना पाच वर्षांपूर्वीची असेल तर लोकांना ती जास्त गमतीची वाटते, कालची असेल तर कमी. ठेचेचं बरोबर उलटं होतं. कालची ठेच हसवते, पाच वर्षांपूर्वीच्या ठेचेची गोष्ट कुणी ऐकत बसत नाही. म्हणजे मोठ्या आपत्तीला लांब न्यावं लागतं आणि किरकोळ आपत्तीला जवळ आणावं लागतं.

त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला सँडी हे चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं, आणि संशोधकांना खरीखुरी आपत्ती अभ्यासायला मिळाली. वादळावर केलेले तेच ते विनोद त्यांनी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना दाखवले. नुकसान किती झालंय हे कळू लागलं तसे विनोद कमी हसरे वाटू लागले. मग हळूहळू त्यांची गोडी वाढत गेली आणि सुमारे 36व्या दिवशी ती सर्वांत जास्त होती. त्यानंतर ती पुन्हा उतरली. तीन महिन्यांनी ते विनोद कुणाला बोचत नव्हते आणि फारसे हसवतही नव्हते. 'काळ गेला की सगळ्यावर हसता येतं' हे आपण सहज म्हणून जातो. या अभ्यासात दिसतं ते असं की काळ फार गेला तर हसूही जातं, कारण मर्यादा ओलांडल्याची जाणीवच बोथट होते.

चित्रपटकाराला इतके दिवस थांबता येत नाही. त्याला दोन तासांत, बंद खोलीत अंतर तयार करायचं असतं. ते कसं करतात याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना म्हणजे रॉबर्ट हेमरचा 1949 सालचा ब्रिटिश चित्रपट 'काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स'. एक सुसंस्कृत तरुण उमरावपद मिळवण्यासाठी आपल्या आणि त्या पदाच्या मध्ये असलेल्या नातेवाइकांना एकेक करून संपवतो. त्या घराण्यातली आठ माणसं ॲलेक गिनेस या एकट्या नटाने उभी केली आहेत, त्यांत एक बाईही आहे.

यातला एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. घराण्यातल्या एका तरुणाला फोटोग्राफीचा नाद असतो. नायकाने त्याच्या डार्करूममधल्या दिव्यात रॉकेलऐवजी पेट्रोल भरून ठेवलंय. नायक त्या तरुणाच्या पत्नीसोबत बागेत चहा घेत बसलाय, संभाषण अत्यंत सभ्य चालू आहे. दूरवर धडाका ऐकू येतो आणि भिंतीपलीकडून धूर वर चढू लागतो. नायक बोलणं थांबवत नाही. कॅमेराही जागचा हलत नाही. प्रेत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. खून पडद्याच्या मागच्या कोपऱ्यात झाला आणि पुढे शिष्टाचार तसाच चालू राहिला. पहिला निवाडा धुरातून पोचतो आणि दुसरा चहाच्या टेबलावरून.

घराण्यातल्या आठ जणांना एकच चेहरा देण्याची युक्ती तर याहून खोल जाते. आत्ता मेलेला माणूस पुढच्या दृश्यात वेगळी मिशी, वेगळा पोशाख घालून पुन्हा हजर होतो. त्यामुळे आपण त्या मरणाचा शोक करू शकत नाही. 'हे खरं नाही' ही खूण चित्रपटात सतत तेवत राहते, पण संवादांतून एकदाही बोलून दाखवली जात नाही.

कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों'ने 1983मध्ये याच्या उलटं धाडस केलं. चाकं लावल्यासारखं फिरवलं जाणारं आयुक्तांचं प्रेत शेवटी महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन उभं राहतं, आणि प्रेक्षागृह हसून कोसळतं. इतकं हसवल्यावर चित्रपट अंतर अचानक काढून घेतो. खुनाचा उलगडा करू पाहणारे दोघे साधे फोटोग्राफरच शिक्षा भोगतात. कैद्यांच्या कपड्यांत ते आपल्या दिशेने चालत येतात आणि गळा कापल्याची खूण करतात. भ्रष्टाचारावरचे गंभीर चित्रपट मी पुष्कळ पाहिलेत, पण हा शेवट जितका लागतो तितका त्यांतला क्वचितच एखादा लागला. आधीच्या हसण्याने मन सैलावलेलं असतं, म्हणून तो थेट आत जातो.

आता हसणं आणि दुःख खरोखर एकाच क्षणी असतात का, की मन भराभर इकडून तिकडे उड्या मारतं? यावर मानसशास्त्रात बराच काळ वाद होता. जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ आणि जॉन कॅसिओपो यांनी 2001मध्ये या प्रश्नासाठी चक्क चित्रपटगृह गाठलं. चित्रपट होता रोबेर्तो बेनिन्यीचा 1997 सालचा 'लाइफ इज ब्यूटिफुल'. छळछावणीत सापडलेला बाप आपल्या लहान मुलाला पटवून देतो की हा एक खेळ आहे, हजार गुण मिळाले की खरा रणगाडा बक्षीस. पहारेकरी जर्मन भाषेत दरडावून नियम सांगतो, आणि बाप त्याचा खोटाच अनुवाद करतो: भूक लागली म्हणून रडलास तर गुण कापले जातील. चित्रपटाला जाणाऱ्या प्रेक्षकांपैकी सुमारे 10 टक्क्यांनी आपण एकाच वेळी आनंदी आणि दुःखी असल्याचं सांगितलं. पाहून बाहेर पडणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 44 टक्के होतं. दोन्ही भावना एकत्र नांदू शकतात, एक दुसरीला पुसून टाकत नाही, या मताला त्याने बळ मिळालं. अशा चित्रपटांवर होणाऱ्या एका नेहमीच्या आरोपाचाही इथे विचार करायला हवा. हसणारा माणूस त्या वेदनेबद्दल बेफिकीर असतोच असं नाही. पुष्कळदा ती वेदना त्याला पूर्णपणे जाणवत असते.

किंबहुना भीती हा या हसण्याचा कच्चा मालच असतो. आर्थर शरक्लिफ यांचा 1968चा एक जुना प्रयोग आहे. सहभागी झालेल्यांना पिंजऱ्यातला उंदीर हाताळायचा होता. काहींना तो नुसता धरायचा होता. काहींना त्याचं रक्त काढायचं होतं, आणि त्यांतल्या काहींना उंदीर चावू शकतो असंही बजावलेलं होतं. हात आत घातल्यावर कळायचं की उंदीर खेळण्यातला आहे. जे सर्वांत जास्त धास्तावले होते त्यांना हा प्रकार सर्वांत गमतीचा वाटला. ताण जितका चढलेला, तितकी सुटका मोठी. चित्रपटगृहात आणखी एक गोष्ट मदतीला येते, ती म्हणजे शेजारी. हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे 30 पट जास्त इतरांच्या सोबतीत हसतात. अवघड प्रसंगी कुणीतरी पहिला हसला की बाकीच्यांना धीर येतो.

'हे सुरक्षित आहे का' हा निवाडा मेंदूला किती जपून करावा लागतो, हे तो निवाडा बिघडला की उघड होतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या आजारात मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 48 रुग्णांच्या जवळच्या माणसांना रुग्णांच्या विनोदबुद्धीबद्दल विचारलं. या आजाराच्या काही रुग्णांना बातम्यांतल्या दुर्घटना पाहून हसू येत होतं, कुणाला वेडीवाकडी उभी केलेली गाडी पाहून. काहींमधला हा बदल आजाराची नेहमीची लक्षणं दिसण्याच्या बरीच वर्षं आधी सुरू झाला होता. निरोगी माणूस ब्लॅक कॉमेडीला हसतो ते याहून अगदी निराळं. त्याला अंतर कळतं, म्हणून तो हसतो. रुग्णाचं अंतराचं भानच हरवलेलं असतं.

व्हिएन्नातल्या एका अभ्यासाची 2017मध्ये सगळीकडे चर्चा झाली आणि 'काळा विनोद आवडणारे हुशार असतात' असे मथळे झळकले. 156 लोकांना 12 व्यंगचित्रं दाखवली होती. ज्यांना ती सर्वांत जास्त कळली आणि आवडली, त्यांची बुद्धिमत्ता व शिक्षण जास्त होतं हे खरं. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. याच लोकांमध्ये आक्रमकता कमी होती आणि मनःस्थिती चांगली होती. तरीही अभ्यास व्यंगचित्रांचा होता, दोन तासांच्या चित्रपटाचा नव्हे. आणि काय कशामुळे घडतं हे असल्या पाहणीतून ठरत नाही. स्वतःला चतुर ठरवण्यासाठी त्याचा दाखला कुणी देऊ नये.

अंतर कळणं ही माहितीचीही बाब आहे. चार्ली चॅप्लिनने हिटलरची टर उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' 1940मध्ये काढला. छळछावण्यांत प्रत्यक्षात काय चाललं होतं हे तेव्हा माहीत असतं तर आपण तो चित्रपट करूच शकलो नसतो, असं त्याने 1964च्या आत्मचरित्रात लिहिलं. त्याची ही कबुली मला फार प्रामाणिक वाटते, आणि चित्रपट झाला याचा आनंदही तेवढाच वाटतो.

पण ज्यांच्यापाशी अंतर मुळीच नव्हतं, ती माणसंही हसली आहेत. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छावण्यांतून वाचले. छावणीत बांधकामावर शेजारी काम करणाऱ्या एका मित्राला त्यांनी विनोदाची रीतसर सवय लावली. दोघांनी ठरवलं की रोज निदान एक गमतीची गोष्ट रचायची. मित्र शल्यविशारद होता. फ्रँकल यांनी त्याला सांगितलं की घरी परतल्यावरही तुझ्या इथल्या सवयी सुटणार नाहीत. छावणीत वरचा अधिकारी येताना दिसला की मुकादम 'चला, हात चालवा' म्हणून ओरडायचा. तू पोटाची मोठी शस्त्रक्रिया करत असशील, आणि मुख्य सर्जन येताहेत म्हणून एक सेवक तसाच ओरडत आत धावेल. या गोष्टी रचताना दोघांनी एक अट पाळली होती, की प्रसंग सुटकेनंतर घडणारा असला पाहिजे. भूतकाळातून अंतर मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी ते भविष्यातून आणलं.