लाल रिबन संध्याकाळी काळी का पडते?

डिसेंबर लागला की मोबाइलवर 'यंदाची नाताळची कलर थीम' सांगणारे रील्स सुरू होतात. लाल म्हणजे ऊर्जा, हिरवा म्हणजे भरभराट, सोनेरीने म्हणे पैसा येतो. येतो, पण सोनेरी माळा विकणाऱ्याकडे. या सगळ्यांत एक साधी गोष्ट कोणी सांगत नाही: हे रंग बघायचे कधी? दुपारी की दिवेलागणीला?

गेल्या वर्षी वसईत आमच्या शेजारच्या काकूंनी गॅलरीतल्या ख्रिसमस ट्रीला गर्द लाल सॅटिनची रिबन गुंडाळली. दुपारी झाड काय खुललं होतं! संध्याकाळी साडेसहाला, दिवे लावायच्या आधी, त्यांनी मला हाक मारली. "अरे, रंग उतरला की काय हिचा? काळी दिसतेय बघ." खरंच, झाडाचा फिकट हिरवा अजून जाणवत होता आणि रिबनच्या जागी काळे पट्टे. सकाळी रिबन पुन्हा लालभडक.

हा अनुभव यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ साली लिहून ठेवला आहे. अंधूक उजेडात लाल रंग आधी विझतो. निळा-हिरवा टिकून राहतो. त्याच्या नावाने याला 'पुर्किन्ये परिणाम' म्हणतात. माझा हा फार लाडका विषय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आपल्या दृष्टिपटलावर शंक्वाकार आणि दंडाकार पेशी असतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. भरपूर उजेडात शंक्वाकार पेशी काम करतात. त्या तीन प्रकारच्या, म्हणून रंग कळतात. उजेड कमी झाला की दंडाकार पेशी सूत्रं हाती घेतात. त्यांच्याकडे ऱ्होडॉप्सिन हे एकच रंगद्रव्य. त्यामुळे उजेड किती एवढंच त्या सांगतात, कुठल्या रंगाचा ते नाही.

खरी गंमत पुढे आहे. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पोपटीकडे झुकणाऱ्या हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. अंधारात हे शिखर ५०७ नॅनोमीटरवर, निळ्याच्या दिशेने सरकतं. आता गर्द लाल घ्या, ६५० नॅनोमीटरचा. दिवसा त्याच्यासाठी डोळ्याची संवेदनशीलता शिखराच्या साधारण एक दशांश असते, म्हणजे लाल ठसठशीत दिसायला पुरेशी. दंडाकार पेशींच्या बाबतीत हाच आकडा एक हजारांशाच्याही खाली जातो. त्यांच्या लेखी लाल रिबन आणि काळी रिबन यांत जवळजवळ फरकच नाही. पानांवरून येणाऱ्या हिरव्या प्रकाशाची त्या दखल घेतात, म्हणून झाड राहतं आणि रिबन जाते. संधिप्रकाशात दोन्ही प्रकारच्या पेशी अर्धवट चालू असतात. या टप्प्याला मेसोपिक म्हणतात, आणि त्याची गणितं अजून किचकट आहेत; ती सोडून देऊ.

घरी करून बघा. लाल आणि हिरव्या कागदाचे असे तुकडे घ्या की उजेडात दोन्ही सारखेच गडद वाटतील. मग खोलीत जेमतेम उजेड ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, डोळ्यांना सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. लाल तुकडा काळवंडलेला दिसेल.

मग दिवा लावला की प्रश्न मिटला? पूर्ण नाही. स्वस्तातला थंड पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा थर. त्याच्या प्रकाशात गर्द लाल फारच थोडा. जो रंग दिव्यातच नाही, तो रिबन परत कुठून पाठवणार? म्हणून दुकानात पिवळसर दिव्यांखाली झळकणारी रिबन घरच्या ट्यूबखाली मळकट दिसते. लाल कागदाच्या ताऱ्याचंही तेच. पूर्वी त्यात चाळीस वॅटचा पिवळा बल्ब असायचा. तो वीज खायचा, तापायचा, पण त्याच्या प्रकाशात लालची चंगळ होती. तिथे पांढरा एलईडी बसवला, की कागद बाकीचे रंग अडवतो आणि पलीकडे जाण्याजोगं फारसं काही उरत नाही. यावर उपाय सोपा: खोक्यावर २७०० के (केल्विन, प्रकाशाच्या छटेचं माप) लिहिलेला वॉर्म व्हाइट दिवा घ्या, किंवा ताऱ्यात सरळ लाल एलईडीच टाका. लाल एलईडी स्वतः प्रकाश देतो आणि तोही इतका प्रखर की शंक्वाकार पेशी जाग्याच राहतात, त्यामुळे रस्त्यावरूनही तो लालच दिसतो.

यंदा काकूंनी गॅलरीतल्या झाडाला पांढऱ्या आणि चंदेरी पट्ट्या लावल्यात. लाल रिबन घरात आली आहे, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या कडेने, मेणबत्त्यांच्या अगदी जवळ. इतकी जवळ की मला आता रंगापेक्षा आगीचीच काळजी वाटते.