किती पानं? नाशिकच्या लग्नजेवणामागचा हिशोब

नाशिकमध्ये लग्नाचं जेवण ठरवायला जुन्या केटररकडे गेलात तर तो आधी विचारतो, "किती पान धरायचं?" पुढ्यातल्या मेनूकार्डावर पनीर असतं, चाटचं काउंटर असतं, जेवण उभ्यानं होणार असतं. पान कुठेच नसतं, तरी दर पानामागे ठरतो. लग्नजेवणाचं सगळं नियोजन माणसांच्या मोजणीवर उभं आहे, आणि ही मोजणी कधी घरच्यांच्या, कधी गावाच्या, कधी सरकारच्या हातात होती. आजच्या दरपत्रकामागची गोष्ट तिथून सुरू होते.

पान म्हणजे मुळात पत्रावळ. पेठ, सुरगाण्याच्या जंगलपट्ट्यातल्या पळसाच्या पानांना काड्या टोचून ती बनायची. सोबत आमटीसाठी द्रोण. ऐपत असली की केळीचं पान. कोणता पदार्थ कुठे वाढायचा हे ठरलेलं होतं: वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि आमटी, समोर वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. ही मांडणी वाढप्याच्याही सोयीची असते. पानावर काय संपलंय हे त्याला चालता चालता दिसतं, कारण प्रत्येक पानावर कोशिंबिरीची जागा एकच. शेवटी ताकभात आला की पंगत उठणार, पुढच्या पंगतीची पानं मांडायला घ्या, हे स्वयंपाकघराला न सांगता कळायचं.

मोठ्या जेवणावळींचा कागदावरचा हिशोबही जुना आहे. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ मध्ये पुण्यात झालं, तेव्हा नाना फडणवीसांनी सगळ्या बंदोबस्ताची तपशीलवार याद करवून घेतली होती. पेशवाईचं हे वळण नाशिकला परकं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई गंगापूरला राहत होत्या, आणि आनंदवल्लीचं नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलं. त्यात नाशिक पडलं तीर्थक्षेत्र. यात्रेकरूंना उतरवून घेणं, त्यांची जेवणं, ब्राह्मणभोजनं हा पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरांचा रोजचा व्यवहार होता. शे-दोनशे पानांचा स्वयंपाक न गडबडता करणारे हात शहरात होतेच.

शेतकरी घरांत मात्र आचारी फार उशिरा आला. तिथे लग्न भावकी उचलायची. मुहूर्तमेढ रोवली की चर खणून चुली पडत, बाभळीची लाकडं येत. पुऱ्या लाटायला गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येत. मोठी पातेली, हंडे, कढया देवळाच्या किंवा गावाच्या असत आणि ज्याच्या घरी कार्य त्याच्याकडे जात. नाशिक तांब्या-पितळेच्या कामासाठी नावाजलेलं, त्यामुळे पातेली बहुधा इथल्या भांडी बाजारातलीच. आमच्या आजोळी, निफाडच्या बाजूला, असं एक पातेलं मी पाहिलंय. काठावर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं आहे, आणि एका बाजूचा कान तुटून पुन्हा डाख लावून बसवलेला आहे. किती लग्नांचा भात त्यात शिजला असेल याची मोजदाद नाही.

आणि कोठी. लग्नघरात सगळ्यात अवघड जागा कोणती, तर कोठीवर बसणाऱ्याची. तूप, गूळ, साखर, बेसन एका खोलीत, किल्ली एका माणसाच्या कमरेला. हा माणूस बहुधा नवरीचा मामा किंवा थोरला चुलता असे. जिन्नस त्याच्या हातूनच बाहेर पडायचा. किती पंगती बसल्या, मागे अजून किती माणूस आहे, वऱ्हाड जास्त आलंय का, हे पाहून तो तुपाची धार सैल करायचा किंवा आवरायचा. वरपक्षाच्या पंगतीला तूप कमी पडलं तर ती बोलणी नवरीला वर्षानुवर्षं ऐकावी लागत. म्हणून ही किल्ली हुशार माणसाकडे न देता शांत माणसाकडे देत. मला हा फार शहाणा विचार वाटतो.

कोठीवाल्याचा हिशोब शेर, अधोली, पायली या जुन्या मापांत चाले. चार शेरांची पायली, आणि एका पायलीत किती पानं उठतात हे ज्याच्या त्याच्या अनुभवानं ठरलेलं. १९५८ पासून दशमान वजनं लागू होऊ लागली, तशी ही तोंडपाठ गणितं किलोत आली. शंभर पानाला दहा किलो तांदूळ हा ठोकताळा अजूनही आचाऱ्यांच्या तोंडी आहे. तो पंगतीचा आहे, वरणभात, मसालेभात आणि ताकभात असा तीनदा भात घेणाऱ्यांचा. बुफेत इतका भात उठत नाही.

पंगतीबद्दल हळवं होऊन लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. पंगतीत माणसं मोजली जात, तशी वेगळीही केली जात. कोण कोणाच्या शेजारी बसणार हे जातीनं ठरे, आणि दलितांना मांडवात जागाच नसे. उरलेलं अन्न त्यांना बाहेर दिलं जाई. या मोजणीला आव्हान देणाऱ्या घटना याच महाराष्ट्रात घडल्या. १८७३ मध्ये पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, तेव्हा जेवणावळीचा डौल बाजूला ठेवून खर्च पानसुपारीवर आणला गेला. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भगूरच्या सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सहभोजनं घडवली, पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं केली. बुफेला नावं ठेवणाऱ्यांनी हे आठवावं. हातात प्लेट घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तुमची पंगत कोणती असं कोणी विचारत नाही.

मधल्या काळात मोजणी सरकारकडे गेली. युद्धामुळे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यानं धान्य-साखरेवर नियंत्रणाचा अधिकार सरकारकडे कायम राहिला. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि घरोघरी ते पाळलं गेलं. त्या वर्षांत लग्नाला जादा साखर हवी तर लग्नपत्रिका जोडून परमिटासाठी अर्ज करावा लागे. १९७२ च्या दुष्काळात लोक आयात केलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते. तेव्हा गावाकडच्या लग्नात गुळाची लापशी आणि आमटी झाली तरी माणसं समाधानानं उठत. बुंदी आणि जिलेबी सर्रास झाली ती साखर हाताशी आल्यावर.

भावकीची जागा केटररनं घेतली त्याला शहराची वाढही कारणीभूत आहे. ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आली, माणसं शिफ्टला जाऊ लागली. चार दिवस रजा टाकून चुलतबहिणीच्या लग्नात वाढायला उभं राहणं कोणाला परवडणार? वाडे पडून फ्लॅट झाले, चर खणायला अंगणही उरलं नाही. मग कार्यालयं आली, पुढे गंगापूर रोड आणि जुन्या औरंगाबाद रस्त्यावर लॉन्सची रांग लागली. चुलीच्या जागी १९ किलोचे गॅस सिलिंडर आले. राजस्थानी महाराज, म्हणजे आचारी, आले, त्यांच्याबरोबर पनीर आणि मूगडाळीचा हलवा. शेतकरी घरांतली बड्या लग्नांची तारीख मात्र अजून द्राक्षाचा माल कधी निघतो आणि कांद्याला काय भाव मिळतो यावरच ठरते.

अलीकडच्या नियमांनीही जेवणाला आकार दिला. अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि केटररला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागू लागला. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली आणि पत्रावळी-द्रोण पुन्हा मागणीत आले. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांत लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. पाचशे पानांची यादी पंचविसावर आणताना घराघरांत काय झालं असेल! आमच्याकडे सख्ख्या आत्यानं स्वतःहून आपलं नाव खोडलं होतं.

आता करारात किमान पानं ठरतात. कमी माणसं जेवली तरी तेवढ्याचे पैसे द्यायचे, जास्त झाली तर वरच्या प्लेटांचे वेगळे. म्हणून जेवण सुरू होण्याआधी प्लेटांच्या चळती मोजून ठेवतात आणि शेवटी उरलेल्या वजा करतात. रात्री साडेअकराला, मंडपवाले खुर्च्या गोळा करत असताना, ही वजाबाकी करायला केटररच्या माणसाशेजारी घरचं एक माणूस उभं असतं. गेल्या महिन्यातल्या लग्नात तो नवरीचा मामा होता.