विडी कामगार निवृत्तिवेतन निधी : मालकांचे दायित्व (सोलापूर)

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियम, १९५२ आणि त्याखालील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ यांनुसार मालकाने भरावयाच्या वर्गणीविषयीचे वाद. विडीधंद्यात मालकाचा हिस्सा वेतनाच्या १० टक्के असतो (बहुतेक इतर उद्योगांत १२). त्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन निधीत जातात. दरमहा पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया, त्यांतही तेलुगू भाषक पद्मशाली समाजातील मोठ्या प्रमाणावर. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपाने, तंबाखू व दोरा घेऊन त्या घरी विड्या वळतात आणि तयार माल शाखेत देतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. तपासणीत बाद झालेल्या विड्या म्हणजे ‘छाट’.

घरी, आपल्या सवडीने काम करणारी ही स्त्री मालकाची नोकर ठरते काय, हा वादाचा गाभा. कारखाने अधिनियमाखालील निर्णय प्रथम प्रतिकूल होते : चिंतामणराव खटल्यात (१९५८) सट्टेदार (मालकाला विड्या वळवून पुरविणारा स्वतंत्र कंत्राटदार), तर शंकर बालाजी वाजे खटल्यात प्रत्यक्ष कारखान्यात येऊन विड्या वळणाराही ‘कामगार’ ठरला नाही. मात्र वाजे निर्णय बहुमताचा होता, न्या. सुब्बा राव यांचे भिन्न मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस खटल्यात (१९७३) सदोष माल नाकारण्याचा अधिकार हेही नियंत्रणाचे गमक मानले गेले. १९७७ मध्ये विडी उद्योगास निधीचा कायदा लागू झाला. त्यास आव्हान देणाऱ्या पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावून घरखेप (घरी काम करणाऱ्या) कामगारांना, ते कंत्राटदारामार्फत नेमलेले असले तरी, कर्मचारी ठरविले. ज्या छाटीमुळे बाईची मजुरी बुडते, तीच मालकाच्या देखरेखीचा पुरावा ठरली. निधीच्या कायद्यातील कलम २(एफ) मधील ‘कर्मचारी’च्या व्याख्येतले ‘आस्थापनेच्या कामासंबंधात’ हे व्यापक शब्द पाहता दुसरा निष्कर्ष न्याय्य झाला नसता. हक्क मान्य झाला तरी हजेरीपटावर नाव, वय व सेवाकाळ यांची अचूक नोंद नसेल, तर दहा वर्षे सिद्ध करणे कठीण जाते, आणि ही नोंद ठेवणे मालकाचे काम आहे.

यंत्रमाग क्षेत्रात वाद हा कायदा लागू होण्यासाठीच्या वीस कामगारांच्या मर्यादेभोवती फिरतो. वेगवेगळ्या नावांचे माग एकच आस्थापना मानावयाचे काय, हे व्यवस्थापन, भांडवल व जागा यांच्या एकत्वावरून पाहिले जाते. कलम २अ नुसार शाखा व विभाग मूळ आस्थापनेचेच भाग होत.

थकबाकी कलम ७अ खालील चौकशीत ठरते. तिच्यावर कलम ७क्यू नुसार द.सा.द.शे. १२ व्याज आणि कलम १४ब नुसार नुकसानभरपाई आकारतात. कलम ११ मधील, इतर देण्यांआधी ही थकबाकी फेडण्याचा अग्रक्रम साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा होय. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक खटल्यात (२००९) बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवरही निधीच्या थकबाकीचा हक्क आधी, असा निर्णय झाला.