काचेच्या बशीतली पेशी आणि नाशिकचं द्राक्ष

निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाची तोड सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो: द्राक्षाच्या सालीनं आतड्याचा कॅन्सर मरतो, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. पंचाईत अशी की ते साफ खोटं नाही. 1997 मध्ये शिकागोच्या जॉन पेझुटो यांच्या गटानं ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की सालीतलं रेझवेराट्रॉल हे द्रव्य पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत कॅन्सरची वाढ रोखतं. पुढे आतड्याच्या कॅन्सरपेशींवरही ते अनेकांनी तपासलं. पण ‘प्रयोगशाळेत’ म्हणजे नेमकं कशात, हे फॉरवर्ड सांगत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

कॅन्सर पसरतो कसा, या प्रश्नाची सुरुवात शेतीच्याच भाषेत झाली. 1889 मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. मूळ गाठीपासून पसरून झालेल्या दुय्यम गाठी वाट्टेल तिथे नव्हत्या, ठरावीक अवयवांतच जास्त होत्या. बी चहूकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्या जमिनीत, असं त्यांचं म्हणणं. (खुंट न बघता कलम भरलं तर काय होतं, हे दिंडोरीत कुणालाही विचारा.) पुढे अमेरिकेत जेम्स युइंग यांनी हे नाकारलं: रक्त जिकडे नेईल तिकडे गाठ. मोठ्या आतड्यापुरतं पाहिलं तर दोघांनाही थोडं थोडं द्यावं लागतं. आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेनं थेट यकृतात जातं, म्हणून गाठी पहिल्यांदा बहुतेक तिथेच दिसतात. पण रक्तात शिरलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. आयझाया फिडलर यांनी 1970 मध्ये उंदरांच्या शिरेत त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या, तर 24 तासांनी हजारात एकही धड जिवंत नव्हती.

हे सगळं बारकाईनं बघायचं तर पेशी शरीराबाहेर वाढवायला हव्यात. बाल्टिमोरच्या जॉर्ज गाय यांना 1951 मध्ये माणसाच्या कॅन्सरपेशी अखंड वाढवणं पहिल्यांदा जमलं. त्यांच्याकडे काम करून आलेल्या, मूळच्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी अशा बाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. त्यांचं नाव आपल्याकडे शाळेत का शिकवत नाहीत, कोण जाणे.

एकाच रुग्णाच्या गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत अखंड वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशाला पेशीमालिका म्हणतात. आतड्याच्या कॅन्सरची एचटी-29 ही पेशीमालिका 1964 ची. मला त्याहून बोलकी वाटते ती टेक्सासमध्ये तयार झालेली जोडी. एकाच रुग्णाच्या आतड्यातल्या मूळ गाठीतून एसडब्ल्यू-480 आणि पुढे आजार उलटल्यावर त्याच्याच लसिकाग्रंथीतून (लिम्फ नोड) एसडब्ल्यू-620. 1976 मध्ये या दोन्ही जगापुढे आल्या. माणूस एकच, एक पेशी घरी बसलेली, दुसरी गाव सोडून गेलेली. दोघींत फरक काय, हे आजही तपासलं जातं. आपल्या भागातल्या एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला अशा पेशी हव्या असतील, तर पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र त्या पुरवतं.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बी असतं, जमीन नसते. यकृत नाही, रक्त नाही, प्रतिकारशक्ती नाही, जंतू नाहीत. ही उणीव थोडी भरून निघाली 2009 मध्ये. नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एका मूलपेशीपासून (स्टेम सेल) इवलंसं आतडं वाढवलं. दोनच वर्षांत माणसाच्या आतड्याची आणि गाठीचीही अशी रूपं तयार झाली. रुग्णाच्याच गाठीवर बाहेर औषध लावून बघण्याची वाट त्यातून निघाली.

रेझवेराट्रॉलचं माणसात काय झालं? ते पोटात गेलं की आतडं आणि यकृत त्याचं रूप झपाट्यानं पालटतात, रक्तात मूळ द्रव्य फारसं उरत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला मात्र ते थेट भिडतं, म्हणून आशा होती. ब्रिटनमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या 20 रुग्णांना शस्त्रक्रियेआधी 8 दिवस रोज अर्धा किंवा 1 ग्रॅम दिलं. 2010 मध्ये निष्कर्ष छापले: गाठीतल्या पेशींची वाढ 5 टक्क्यांनी घटली. दुसऱ्या एका कॅन्सरसाठी रोज 5 ग्रॅमची चाचणी झाली, ती रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्यानं थांबवावी लागली.

ताज्या सालीत हे द्रव्य ग्रॅममागे 50 ते 100 मायक्रोग्रॅम असतं. रोजच्या 1 ग्रॅमसाठी 10 ते 20 किलो लागतील. द्राक्षं नव्हेत, नुसती साल.