डिस्क गोल्फमधलं राउंड रेटिंग

डिस्क गोल्फच्या एका राउंडमध्ये खेळ किती चांगला झाला ते सांगणारा आकडा म्हणजे राउंड रेटिंग, आणि अशा बऱ्याच राउंडची सरासरी काढली की खेळाडूचं रेटिंग मिळतं. ते प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन म्हणजे पीडीजीए ही संस्था देते. १००० म्हणजे गोल्फवाले ज्याला स्क्रॅच म्हणतात तो, कुठलीही सवलत न लागणाऱ्या पक्क्या खेळाडूचा दर्जा, अव्वल व्यावसायिक त्याच्या वर असतात, आणि ९०० च्या आसपासचा माणूस नियमित खेळणारा चांगला हौशी समजायचा. खेळ तर सोपा आहे, साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये कमीत कमी थ्रोमध्ये चकती टाकायची. अशा एकेका टप्प्याला होल म्हणतात, आणि मैदानावरची म्हणजे कोर्सवरची ठरलेली होल खेळून झाली की एक राउंड.

खेळ नक्की कुठं सुरू झाला यावर एकमत नाही. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ गावी १९२६ च्या सुमारास रोनाल्ड गिब्सन आणि त्याचे शाळासोबती पत्र्याची झाकणं फेकून गोल्फ खेळायचे असं सांगतात. दुसरी परंपरा कॅलिफोर्नियाची, तिथं १९६० च्या दशकात जॉर्ज सॅपनफिल्डनं मुलांसाठी फ्रिस्बीचं गोल्फ घेतलं. पण हे प्रकार एकमेकांपासून स्वतंत्रपणे निघाले असावेत आणि आजच्या संघटित खेळाचा धागा एड हेड्रिकपर्यंत जातो, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातच ओक ग्रोव्ह इथं १९७५ साली त्यानं पहिला कायमचा कोर्स आखला, १९७६ ला पीडीजीए काढली आणि साखळ्यांची बास्केटही त्याचीच. रेटिंगसाठी ही बास्केट फार मोलाची, कारण झाड किंवा खांब टारगेट असेल तर चकती लागली की नाही यावरच वाद होतात, बास्केट आल्यावर प्रत्येक होल कुठं संपलं ते सगळीकडे एकाच पद्धतीनं ठरायला लागलं.

तरी दोन कोर्सवरचे स्कोअर शेजारी ठेवता येईनात. एक कोर्स लांब आणि मोकळा, दुसरा आखूड पण गच्च झाडीतला, आणि पार, म्हणजे किती थ्रो लागावेत तो अपेक्षित आकडा, ठरवायचा तर प्रत्येक आयोजकाचा हात सैल किंवा आखडता, त्यामुळे पारपेक्षा किती खाली खेळलो यावरून फारसं काही कळत नाही. यावर चक केनेडी आणि रॉजर स्मिथ यांनी साधारण १९९८ च्या सुमारास आजची पद्धत बसवली असं मानलं जातं. तिचा गाभा हा की कोर्सची अवघडता माणसांवरून मोजायची, मैदान मोजून नाही.

बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या मैदानामुळे गोल्फ आपल्याला निदान बघून तरी माहीत आहे. गोल्फमध्ये प्रशिक्षित लोक येऊन लांबी, वाळूचे खड्डे, पाणी बघून कोर्स रेटिंग आणि स्लोप (साध्या खेळाडूला तो किती जास्त जड जाईल ते) ठरवतात, आणि २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ राउंडवरून हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारी सवलत, निघतो. बुद्धिबळात अर्पाद एलोची पद्धत, जी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० ला घेतली, तिथं गुण समोरच्याशी झालेल्या डावातून वरखाली होतात. डिस्क गोल्फ या दोघांच्या मधे कुठंतरी बसतं, म्हणजे समोर प्रतिस्पर्धी आहे पण गुण त्याच्याकडून घ्यायचे नसतात, त्याच्या खेळावरून फक्त कोर्स मोजायचा.

हे काम करणाऱ्यांना प्रोपगेटर म्हणतात. निदान ८ राउंडवर आधारलेलं रेटिंग असलेले असे कमीत कमी ५ खेळाडू त्या राउंडमध्ये लागतात. दुकानात तराजूवर छाप मारलेली मापं असतात तसे हे लोक. समजा पाच जणांचं रेटिंग १०००, ९८०, ९६०, ९४० आणि ९२० आहे, सरासरी ९६०, आणि त्यांचा सरासरी स्कोअर ५४ आला. म्हणजे त्या दिवशी त्या कोर्सवर ५४ म्हणजे ९६०. अशा कोर्सवर एका थ्रोला साधारण १० गुण धरतात, तेव्हा १००० वाल्याचा अपेक्षित स्कोअर ५० निघतो, यालाच स्क्रॅच स्कोअरिंग अॅव्हरेज म्हणतात. आता त्याच राउंडमध्ये ५८ करणाऱ्या नव्या माणसाला ९२० मिळतील. थ्रोची किंमत मात्र सगळीकडे सारखी नसते, हा अॅव्हरेज ६० असेल तर ती ८ च्या जवळ येते आणि ४५ असेल तर १२-१३ पर्यंत चढते, कारण आखूड कोर्सवर एक थ्रो वाचवणं जास्त कठीण. हे आकडे अभ्यासकांनी प्रसिद्ध निकालांवरून उलटं गणित करून काढलेले आहेत, ढोबळच समजावेत.

या पद्धतीची खरी ताकद हवामानात दिसते. उत्तरायणाला पतंग चढतात तसल्या वाऱ्यात चकती कुठंच्या कुठं जाईल, पण तो वारा प्रोपगेटरांनाही लागतो, त्यांचेही स्कोअर वाढतात, म्हणून कालचा ५४ आणि आजचा ५८ एकाच रेटिंगचे असू शकतात.

आणि मर्यादाही इथंच आहे. बडोद्याच्या कमाटीबागेत आठ-दहा जणांनी बास्केट लावून वर्षभर मनापासून खेळलं, स्कोअर नीट लिहून ठेवले, तरी कोणाकडेच आधीचं रेटिंग नसेल तर एकही आकडा निघणार नाही, बाहेरून पाच प्रोपगेटर यायलाच हवेत. शिवाय आपापसातच खेळणारा गट सगळा एकदम सुधारला तर पद्धतीला ते दिसत नाही, तिला वाटतं कोर्सच सोपा झाला. अशा गटांचं रेटिंग दबलेलं राहतं ही तक्रार जुनी आहे. काही जण म्हणतात की खेळाडू बाहेरच्या स्पर्धांना गेले की फरक आपोआप भरून निघतो, पण जिथं प्रवासच महाग तिथं हे होणार कसं, त्यामुळे तक्रारीची बाजू वजनदार वाटते. झाडीतल्या कोर्सवर चांगल्या राउंडला हवे तेवढे गुण मिळत नाहीत, असाही एक वाद आहे.

खेळाडूचं रेटिंग शेवटच्या राउंडपासून मागच्या १२ महिन्यांवरून काढतात, राउंड ८ पेक्षा कमी असतील तर २४ महिन्यांपर्यंत मागे जातात. राउंड पुरेशी असली की सगळ्यात अलीकडची २५ टक्के राउंड दुप्पट धरतात, आणि सरासरीपेक्षा १०० गुणांहून जास्त खाली गेलेलं राउंड गाळतात, तसं वर गेलेलं गाळत नाहीत. राउंड किमान १३ होलचं हवं. नवे आकडे महिन्याला एकदा येतात. स्पर्धा चालू असताना दिसतात ते अनधिकृत, नंतर बदलू शकतात.

वरच्या टोकाचं उदाहरण म्हणून २०१८ मध्ये मिशिगनच्या टोबॉगन कोर्सवरचं पॉल मॅकबेथचं पारपेक्षा १८ कमी थ्रोचं राउंड देतात, त्याचं रेटिंग ११३२ धरलं गेलं. हौशी गटांच्या वरच्या मर्यादाही रेटिंगवरूनच, सगळ्यांना खुल्या असलेल्या गटांत नोव्हिस ८५० च्या खाली, रिक्रिएशनल ९००, इंटरमिजिएट ९३५. बायकांच्या गटांच्या मर्यादा वेगळ्या असतात, पण रेटिंग मोजायची पट्टी बायका, पुरुष, मुलं सगळ्यांना एकच.